नांगर न लागणारे भात आणि तीन पिढ्यांचा धंदा

भाद्रपदात ऋषिपंचमी आली की घरातल्या बायका बैलाच्या कष्टाचे काही खात नाहीत. परसातले अळू, वेलावरचे पडवळ-दोडके, कंदमुळे यांची भाजी त्या दिवशी चुलीवर चढते. नांगराखाली न गेलेल्या मातीतले जे उगवेल ते चालते. ज्या गावाला जुने तळे आहे, तिथल्या म्हाताऱ्या बायकांना आणखी एक वस्तू ठाऊक असते. ती म्हणजे देवभात. भंडारा-गोंदियाच्या तलावांकडे यालाच देवधान म्हणतात. कुणी पेरत नाही, कुणी लावणी करत नाही. पाण्यात आपोआप उगवते, लांब कुसळांची लोंबी धरते आणि दाणा पिकला की झडून पुन्हा पाण्यातच पडते. ज्याला हवे त्याने दाणा झडायच्या आत जाऊन गोळा करावा.

आपल्याकडे हे भात व्रतापुरते आणि आठवणीपुरते उरले. परंतु सातासमुद्रापलीकडे अमेरिकेच्या उत्तर भागात अशाच न पेरलेल्या, न नांगरलेल्या पाण्यातल्या धान्यावर कित्येक घरे पिढ्यान् पिढ्या जगत आली आहेत. आजी गोळा करी, बापाने भाजून विकले आणि आज नातू पुडकी बांधून टपालाने धाडतो. या धंद्यात त्यांनी सुगी पाहिली, भाव कोसळलेलाही पाहिला. स्वतःच्या मालाचे नाव दुसऱ्याने पळवलेले पाहिले आणि ते नाव परत मिळवण्यासाठी भांडूनही घेतले. ही हकीकत शेतकऱ्याच्या घरात वाचण्याजोगी आहे, म्हणून सांगतो.

भाताचा चुलतभाऊ

या धान्याला इंग्रजीत 'वाइल्ड राइस', म्हणजे रानतांदूळ म्हणतात. खरे पाहता तो आपल्या भाताचा सख्खा भाऊ नव्हे, चुलतभाऊ आहे. आपले भात ओरायझा जातीचे आणि हे झिझानिया जातीचे. आपले देवभात मात्र ओरायझाच, म्हणून आपल्या भाताला ते अधिक जवळचे. मिनेसोटा, विस्कॉन्सिन आणि कॅनडाचा लगतचा मुलूख हे या रानतांदळाचे माहेरघर. मिनेसोटाला तर 'दहा हजार तळ्यांचा मुलूख' असेच म्हणतात. तिथल्या उथळ तळ्यांत आणि संथ वाहणाऱ्या नद्यांत, गुडघाभर ते कमरेएवढ्या पाण्यात, हे पीक उभे राहते. दाणा लांब, बारीक, आणि रंग तपकिरी ते काळा. शिजला की फुटून उलतो आणि आतला पांढरेपणा दिसतो. शंभर ग्रॅम कच्च्या दाण्यात सुमारे १४ ते १५ ग्रॅम प्रथिने असतात. आपल्या सडीक तांदळात ती जेमतेम ७ ग्रॅम भरतात.

तिथले मूळ रहिवासी म्हणजे अनिशिनाबे लोक. त्यांनाच ओजिब्वे असेही म्हणतात. ते या धान्याला 'मनोमिन' म्हणतात. त्यांच्या परंपरेत अशी कथा आहे, की पूर्वज पूर्व समुद्राकाठाहून पश्चिमेकडे निघाले तेव्हा त्यांना सांगितले गेले होते : जिथे अन्न पाण्यावर उगवते तिथे थांबा. ते चालत राहिले आणि या तळ्यांशी येऊन थांबले. शेजारच्या मेनॉमिनी जमातीचे तर नावच या धान्यावरून पडले आहे. धान्यावरून माणसांना नाव मिळावे, यापेक्षा त्या धान्याची थोरवी ती काय सांगावी?

आजीची पिढी : ज्याची गाठ त्याचे भात

जुन्या काळी हे काम मुख्यतः बायकांचे होते. ऑगस्टच्या शेवटी दाणा भरू लागला की सगळी घरे बिऱ्हाड उचलून तळ्याकाठी येत. पोरेबाळे, म्हातारेकोतारे, भांडीकुंडी सगळे बरोबर. आपल्याकडे ऊसतोडीला किंवा कापूस वेचायला बिऱ्हाडे हलतात तसेच म्हणा ना. फरक इतकाच, की इथे मुकादम नव्हता आणि उचलही नव्हती. तळे सगळ्यांचे होते.

सगळ्यांचे तळे म्हटले की तंटा आलाच, असे आपल्याला वाटेल. त्यावर बायकांनी एक तोड काढली होती. दाणा पिकायच्या काही आठवडे आधी त्या होडीतून जात आणि उभी ताटे मुठीमुठीने एकत्र घेऊन झाडाच्या सालीच्या दोरीने बांधून ठेवत. त्याने दोन गोष्टी साधत. वाऱ्याने आणि पाखरांनी दाणा कमी झडे, हा एक फायदा. बांधलेली ओळ कुणाच्या घरची हे सगळ्यांना कळे, हा दुसरा. सातबारा नाही, तलाठी नाही, पण गाठ बघून बांध ओळखायचा.

धान्य विकण्याची रीतही जुनीच. त्या थंड मुलखात कातड्यांचा व्यापार करणारे गोरे लोक आले तेव्हा हिवाळा काढायला त्यांच्यापाशी धान्य नसे. १७७५ साली अलेक्झांडर हेन्री नावाच्या व्यापाऱ्याने त्या भागातल्या आदिवासींकडून हा तांदूळ विकत घेतल्याचे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. बायकांनी गोळा करून भाजलेल्या धान्यावर त्या व्यापाऱ्यांचे हिवाळे निघाले. पुढे सरकारशी तह झाले, जमिनी गेल्या. पण १८३७ च्या तहात या लोकांनी शिकार, मासेमारी आणि रानतांदूळ गोळा करण्याचा हक्क नावानिशी राखून ठेवला. तो कागद पुढे कामाला आला. १९९९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क अजून शाबूत असल्याचा निकाल दिला. कागद जपून ठेवावा म्हणतात, तो असा.

होडीतले दोघे

आजही काढणीची रीत फारशी बदललेली नाही. होडीत दोघे असतात. नवरा-बायको, बाप-लेक, बहीण-भाऊ, नाहीतर आजोबा आणि नातू. एक जण उभा राहून लांब काठीने होडी रेटतो. पाणी उथळ आणि ताटे दाट, त्यामुळे वल्हे मारून भागत नाही. शिवाय वल्ह्याने ताटे मोडतात. दुसरा खाली बसतो. त्याच्या दोन हातांत दोन हलक्या लाकडी काठ्या. एका काठीने ताटे होडीवर वाकवायची आणि दुसरीने लोंबीवरून हलकेच हात फिरवल्यासारखे करायचे. पिकलेला दाणा तेवढा होडीत गळतो. कच्चा ताटावरच राहतो.

इथे जोर करून चालत नाही. जोराने झोडपले तर ताट मोडते आणि मागून पिकणारा दाणा गेला तो गेलाच. एकाच लोंबीतले दाणे एकदम पिकत नाहीत, वरून खाली पिकत येतात. म्हणून त्याच तळ्यावर काही दिवसांच्या अंतराने पुन्हा पुन्हा जावे लागते. जो दाणा होडीत न पडता पाण्यात पडतो तो वाया गेला असे कुणी म्हणत नाही. तेच पुढच्या सालचे बियाणे. तो चिखलात रुततो, सारा हिवाळा बर्फाखालच्या गार पाण्यात काढतो आणि वसंतात उगवतो. हा दाणा पार वाळला तर मरतो, ओलाव्यात राहिला तरच जगतो. सगळे ओरबाडून नेले तर तळे पुढे ओस पडेल, हे ज्ञान त्यांना शाळेने दिलेले नाही.

कायदाही या रीतीला धरूनच केलेला आहे. मिनेसोटात तळ्यावर यंत्राने काढणी करायला बंदी आहे. होडी १८ फुटांहून लांब आणि ३६ इंचांहून रुंद नको. झोडपायची काठी ३० इंचांहून लांब नको आणि वजनाला एक पौंडाहून, म्हणजे साडेचारशे ग्रॅमहून, जड नको. हंगाम आणि परवाना ठरलेला. आदिवासींच्या राखीव मुलखात तर कुठले तळे कधी उघडायचे हे जाणत्या लोकांची समिती ठरवते. दाणा तयार झाला की नाही हे ते तळ्यावर जाऊन पाहतात, मगच हुकूम सुटतो. आधी घुसणाऱ्याला माफी नसते.

चांगल्या दिवशी दोघांना शे-दोनशे पौंड ओले भात मिळते. म्हणजे पंचेचाळीस ते नव्वद किलो. ऐकायला बरे वाटते, पण खरे काम पुढेच आहे.

रात्रभर जागणारी काहील

ओल्या भातात चाळीस टक्क्यांहून अधिक पाणी असते. पोती भरून एकावर एक रचून ठेवली तर आतून तापतात आणि माल कुजतो. ओल्या भुईमुगाचा ढीग रात्रभर झाकून ठेवणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. म्हणून माल आला की लगेच पातळ पसरायचा, वरखाली करायचा, काडीकचरा वेचायचा. मग भाजणी.

जुनी रीत अशी : गुळाच्या काहिलीसारखे मोठे लोखंडी भांडे तिरपे ठेवून खाली लाकडे पेटवायची आणि लाकडी उलथण्याने दाणा सतत हलवत राहायचा. हात थांबला की माल करपला. भाजणीने पाणी उडते, दाणा टणक होतो आणि टरफल ठिसूळ होते. पुढे टरफल सोडवायचे. त्यासाठी जमिनीत लहान खड्डा करून आतून लाकडाच्या फळ्या बसवत. त्यात भाजलेले भात घालून घरातला एखादा हलका पोरगा किंवा पोरगी मऊ कातड्याचे स्वच्छ जोडे घालून वर नाचे. दोन्ही बाजूला धरायला काठ्या रोवलेल्या, म्हणजे अंगाचा सगळा भार दाण्यावर पडून तो फुटू नये. शेवटी भूर्ज झाडाच्या सालीच्या सुपात वाऱ्यावर पाखडायचे. आपल्या खळ्यावर वाऱ्याची वाट पाहत उभी असलेली बाई आणि ती तळ्याकाठची बाई शेजारी उभ्या केल्या, तर लुगड्याखेरीज दुसरा फरक दिसणार नाही.

या सगळ्यातून शंभर किलो ओल्या भाताचा चाळीस ते पन्नास किलो तयार तांदूळ पडतो. बाकी पाणी आणि तूस.

आता हे काम फिरत्या पिंपात होते. खाली लाकडाचा जाळ किंवा गॅस, वर पिंप संथ फिरत असते. टरफल काढायला यंत्र आहे, पाखडायला पंखा आहे. तरी पिंपाशी घरातले जाणते माणूस उभे असतेच. दाणा झाला की नाही हे वासावरून, रंगावरून आणि दाताखाली धरून कळते. ते घड्याळ सांगत नाही.

बापाची पिढी : काठावरचा काटा

विसाव्या शतकात रस्ते झाले, मोटारी आल्या, शहरातल्या हॉटेलांत या तांदळाला गिऱ्हाईक मिळाले. हंगामात तळ्याच्या काठावर व्यापाऱ्यांचे ट्रक आणि वजनकाटे उभे राहू लागले. होडी काठाला लागली की पोते काट्यावर, आणि रोख पैसे हातात. पोरांच्या शाळेचे कपडे, हिवाळ्याचे सरपण, उधारीचे हप्ते या तीन-चार आठवड्यांच्या कमाईतून निघत.

यातल्या काही घरांच्या लक्षात एक गोष्ट आली. ओले भात काठावर विकले तर मजुरी मिळते. तेच घरी भाजून, सोलून, पुडक्यात भरून विकले तर धंदा होतो. अशा रीतीने घरगुती भाजणीचे कारखाने उभे राहिले. बाप पिंपाशी, आई हिशेबाशी, पोरे पाखडणीला आणि पुडकी बांधायला. शेजाऱ्यांचे भातही पौंडामागे काही दर घेऊन भाजून द्यायचे. आपल्याकडे गूळ पाडून देणारे गुऱ्हाळ किंवा पोहे कांडून देणारी गिरणी चालते, तसेच. नीट वाळवलेला हा तांदूळ वर्षानुवर्षे टिकतो, हा या धंद्याचा मोठा आधार. कारण हे पीक लहरी आहे. जाणते लोक असे सांगतात, की चार वर्षांत एक साल भरघोस, दोन साले मध्यम आणि एक साल हात हलवत परत येण्याचे. म्हणून भरघोस सालचा माल सगळा विकून मोकळे होणे बरे नव्हे. मागे चार पोती ठेवली तर कोरड्या सालातही गिऱ्हाइकाला नाही म्हणायची पाळी येत नाही.

तळ्यातले पीक शेतात उतरले

भाव चांगला म्हटल्यावर कुणीतरी हे पीक शेतात घेऊन बघणारच. १९५० साली मिनेसोटात मेरिफील्ड गावाजवळ जेम्स आणि जेराल्ड गॉडवर्ड या भावांनी एकरभर जमिनीला बांध घालून, पाणी कोंडून हा तांदूळ पेरला. पीक आले, पण मोठी अडचण दाणा झडण्याची होती. रानातल्या पिकाला झडणे हिताचे, शेतकऱ्याला ते तोट्याचे. १९६० नंतर मिनेसोटा विद्यापीठाच्या लोकांनी कमी झडणारी ताटे निवडून काढली, त्यांचे बी वाढवले आणि १९६८ च्या सुमारास तसे वाण शेतात आले. १९६५ पासून एका मोठ्या तांदूळ कंपनीने शेतकऱ्यांशी करारही सुरू केले होते. मग काय! १९६८ साली मिनेसोटात सुमारे ९०० एकर असलेली लागवड १९७३ पर्यंत १८,००० एकरांवर गेली. शेतातले पाणी सोडून द्यायचे, जमीन आवळली की साखळी-पट्ट्यावर चालणारे कापणी यंत्र घालायचे. होडी नको, काठी नको, पाठ दुखायला नको.

गंमत अशी, की १९७७ साली मिनेसोटाने रानतांदळाला आपले राज्य-धान्य म्हणून जाहीर केले आणि त्याच सुमारास तो कॅलिफोर्नियाच्या खाचरांत जाऊन पोचला होता. तिथे भाताची खाचरे, कालवे, यंत्रे, गिरण्या सगळे आयते. हवा कोरडी. १९८०च्या दशकाच्या मध्याला कॅलिफोर्नियाने उत्पादनात मिनेसोटाला मागे टाकले. बाजारात माल इतका आला की भाव कोसळला. कांद्याचे काय होते हे आपण दर दोन-चार वर्षांनी पाहतो. तिथे हंगामात काठावर येणारे ट्रक कमी झाले आणि ओल्या भाताचा दर इतका उतरला की पुष्कळांनी होड्या उलट्या करून ठेवल्या. ज्या घरांनी कर्ज काढून पिंपे घेतली होती त्यांच्यावर काय प्रसंग आला असेल, ते शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही.

यात शेतात पिकवणाऱ्याला दुष्ट ठरवायचे कारण नाही. तोही शेतकरीच. रेड लेक या आदिवासी मुलखातल्या लोकांनी स्वतः खाचरे करून हे पीक घेतले आणि आजही ते विकतात. शेतात पिकला म्हणून तांदूळ वाईट होत नाही. बिनसले ते दुसरीकडे. शेतातला माल आणि तळ्यातला माल एकाच नावाने विकला जाऊ लागला. पुडक्यावर होडीतल्या आदिवासींचे चित्र आणि आत शेकडो कोस दूर यंत्राने कापलेला दाणा, असाही माल दुकानात आला. त्यावरून १९८८ साली खटला गुदरला. होडीतल्या माणसाची अब्रू विकली जात होती आणि दाम दुसऱ्याला मिळत होता.

नातवाची पिढी : पुडक्यावरचा एक शब्द

अशा वेळी पहिला मोह होतो तो भाव पाडून विकण्याचा. पण यंत्राच्या मालाशी हाताचा माल स्वस्ताईत कधी पुरा पडणार? जी घरे टिकली त्यांनी उलटी वाट धरली. आमचा माल वेगळा आहे, तो वेगळा म्हणूनच घ्या, असे त्यांनी गिऱ्हाइकाला सांगितले.

माल खरोखरच वेगळा आहे. तळ्यातला, लाकडाच्या जाळावर भाजलेला दाणा रंगाने फिकट, हिरवट-तपकिरी असतो. तो पंधरा-वीस मिनिटांत शिजतो आणि त्याला धुराचा मंद वास असतो. शेतातला दाणा बहुधा काळाकुळकुळीत आणि चकचकीत. शिजायला त्याला पाऊण ते एक तास लागतो. गिऱ्हाइकाला हे एकदा शिजवून दाखवले की पुढे सांगावे लागत नाही.

कायद्यानेही हात दिला. लागवडीचा रानतांदूळ मिनेसोटात विकायचा तर पुडक्यावर 'लागवडीचा' असे ठळक छापलेच पाहिजे, असा नियम झाला. एक शब्द छापायचा, पण त्या एका शब्दाने हाताने गोळा करणाऱ्याला बाजारात उभे राहायला जागा मिळाली. व्हाइट अर्थ या राखीव मुलखात १९८९ साली स्थापन झालेल्या एका आदिवासी संस्थेने आपल्या लोकांकडून भात विकत घेऊन स्वतःच्या नावाने विकायला सुरुवात केली. मधला दलाल टळला की काठावरच्या माणसाला दोन पैसे अधिक देता येतात, हा साधा हिशेब.

आज अशा घरांतली तरुण मुले मालाबरोबर कागदाचा तुकडा घालतात. कुठले तळे, कुणी काढला, कसा भाजला, कसा शिजवावा. आजीने सांगितलेल्या पाककृती देतात. हरणाच्या मांसाचे सूप, रानबोरांसारख्या निळ्या फळांबरोबर आणि मेपल झाडाच्या साखरेबरोबर केलेली खीर. कढत तेलात टाकला तर हा दाणा आपल्या साळीसारखा फुलतो आणि त्याच्या लाह्या होतात. लहान मुलांना त्या फार आवडतात. गिऱ्हाइकाला नुसता तांदूळ मिळत नाही, एका घराची ओळख मिळते.

पाणी राहिले तर धंदा राहील

तरीही या घरांना खरी धास्ती बाजाराची नाही, पाण्याची आहे. जून महिन्यात या पिकाची पाने पाण्यावर तरंगत असतात आणि मुळांची पकड कच्ची असते. त्या वेळी पाणी एकदम हात-दीड हात चढले तर रोप मुळासकट उपटून वर येते. १८८० नंतर लाकूड वाहून नेण्यासाठी आणि नदीत पाणी राखण्यासाठी बांध घालण्यात आले. १८८४ साली मिसिसिपीच्या वरच्या अंगाला विनिबिगोशिश तळ्यावर धरण झाले. पाणी चढले आणि अनेक जुनी भाताची तळी बुडाली. धरणाखाली गाव जाणे आपल्याला माहीत आहे. तिथे पाण्याखाली पाण्यातले शेत गेले.

दुसरी धास्ती खाणींची. त्या भागात लोखंडाच्या मोठ्या खाणी आहेत. खाणीच्या सांडपाण्यातले सल्फेट तळ्यात उतरते, तळाच्या चिखलात त्याचे सल्फाइड बनते आणि ते भाताच्या मुळांना विषासारखे बाधते. यासाठी मिनेसोटाने १९७३ सालीच नियम केला, की रानतांदळाच्या पाण्यात लिटरमागे १० मिलिग्रॅमहून अधिक सल्फेट असू नये. नियम कागदावर आला, पण तो पाळला जावा म्हणून पुढे कित्येक वर्षे भांडावे लागले. २०१८ साली व्हाइट अर्थच्या लोकांनी आपल्या पंचायतीत एक आगळा कायदा केला. त्यात मनोमिनला स्वतःचे हक्क दिले आहेत : स्वच्छ पाण्यात जगण्याचा, वाढण्याचा, पुन्हा उगवण्याचा. धान्याला हक्क कसले, असे कुणी हसून म्हणेल. पण बैलपोळ्याला बैलाच्या पाया पडणाऱ्या आपल्यासारख्यांनी तरी हसू नये.

आपल्या घरासाठी

वाचकहो, मिनेसोटाची तळी आपल्याकडे यायची नाहीत आणि तो तांदूळ आपल्या उन्हात पिकणारही नाही. पण त्या घरांनी तीन पिढ्यांत जे शिकून घेतले ते आपल्या कामाचे आहे.

पहिली गोष्ट, कच्चा माल काठावर विकला तर मजुरी सुटते आणि घरी निगुतीने तयार करून विकला तर धंदा होतो. नाचणीचे सत्त्व असो, हातसडीचा तांदूळ असो, नाहीतर कोकमाची आमसुले असोत.

दुसरी, मोठ्या मालाशी स्वस्ताईत झुंजू नये. आपला माल ज्या गुणाने वेगळा आहे तो गुण पुडक्यावर लिहावा आणि खराच लिहावा. आजऱ्याचा घनसाळ आणि मुळशीचा आंबेमोहोर यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्या नावाखाली दुसराच वासाचा तांदूळ कुणी विकत असेल, तर तोटा त्या मुलखातल्या घराघराचा होतो. आणि आपणच पोत्यात भेसळ केली, तर तोटा आपल्या नातवाचा होतो.

तिसरी, घरातल्या प्रत्येकाच्या हाताला धंद्यात जागा असावी आणि त्या हाताची कदरही व्हावी. पाखडणारी बाई, पिंपाशी जागणारा बाप, होडी रेटणारा पोरगा यांत कुणी वरचा-खालचा नाही. ज्या घरात पोराला लहानपणीच होडीत बसवतात, त्या घरचा धंदा पोरगा मोठेपणी सहसा टाकून जात नाही.

चौथी आणि शेवटची, सगळा दाणा घरी आणू नये. तळ्याचा वाटा तळ्याला सोडावा. गावच्या जुन्या तळ्यात अजून देवभात उगवत असेल, तर गाळ काढताना आणि काठ बांधताना त्याची एक पट्टी राखून ठेवा. घरातल्या म्हातारीला विचारा, ते कसे गोळा करायचे, कसे कांडायचे, कुठल्या सणाला शिजवायचे. तिला ठाऊक असेल ते या वर्षीच विचारून घ्या. त्या चिखलातल्या दाण्यासारखेच हे ज्ञान आहे. ओलाव्यात राहिले तर पुन्हा उगवते. एकदा वाळून गेले की मग कितीही पाणी घाला, ते उगवत नाही.